मूग कोणी गिळलेत? केल्टिक कथा मनोविश्लेषणाच्या अंगाने वाचायची सुरुवात

या विषयावर मी पहिला निबंध लिहिला तेव्हा चौदा पानांत ‘ईडिपस’ हा शब्द एकोणीस वेळा आला होता. नंतर मोजले म्हणून माहीत. (ईडिपस म्हणजे नकळत बापाला मारून आईशी लग्न करणारा ग्रीक राजा; फ्रॉइडने त्याच्यावरून मुलाच्या मनातल्या बापाविषयीच्या वैराला नाव दिलं.) लिहिताना वाटत होतं, वा, काय सापडलंय! निबंध परत आला तेव्हा समासात पेन्सिलीने एकच ओळ होती: “इथे बाप मुलाला मारतोय. मग ईडिपस नक्की कोण?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढची दोन-तीन वर्षं मी उलट्या बाजूने वाचत गेले, म्हणजे आधी गोष्ट आणि मग मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, आणि तेव्हा कुठे हे प्रकरण हाताला लागलं. तुमची ती दोन-तीन वर्षं वाचावीत म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला आयरिश किंवा वेल्श येत नाही आणि मानसशास्त्राची पदवीही नाही असं धरून चालते. माझ्याकडेही दोन्ही नाही.

जवळ काय काय हवं

- जेफ्री गँट्झ यांनी केलेला जुन्या आयरिश कथांचा इंग्रजी अनुवाद (१९८१). सुरुवातीला हे एकच पुस्तक पुरतं.
- वेल्श ‘माबिनोगी’साठी (चार भागांतल्या, म्हणजे चार ‘शाखां’तल्या मध्ययुगीन कथा) शोनेड डेव्हिस यांचा अनुवाद (२००७).
- फ्रॉइडचे तीन छोटे निबंध: शोक आणि विषण्णता यांवरचा (१९१७), ‘नकार’ या विषयावरचा (१९२५) आणि कुटुंबाविषयीच्या मुलांच्या कल्पनारंजनावरचा (१९०९). ‘स्वप्नांचा अर्थ’ हा जाडजूड ग्रंथ पहिल्या दिवशी उघडू नका.
- एक वही. प्रत्येक पानाच्या मधोमध उभी रेघ मारून ठेवा. कशासाठी ते पुढे येईल.

पैसे खर्च करायचे नसतील तर आयर्लंडमधल्या कॉर्कच्या विद्यापीठाचा ‘सेल्ट’ नावाचा डिजिटल संग्रह आहे. तिथे मूळ आयरिश पाठ आणि बऱ्याच कथांचे जुने इंग्रजी अनुवाद फुकट वाचता येतात.

## १. ‘केल्टिक’ म्हणजे काय ते आधी ठरवून घ्या

केल्टिक हे भाषांच्या कुळाचं नाव आहे. आयरिश, स्कॉटिश गेलिक, मँक्स, वेल्श, कॉर्निश आणि ब्रेटन या त्यातल्या भाषा. ‘केल्टिक मन’ नावाची वस्तू मात्र कुठेच नाही, आणि या वाटेवरचा पहिला खड्डा तोच आहे.

त्यात मोठमोठी माणसं पडली आहेत. इंग्रज कवी आणि समीक्षक मॅथ्यू आर्नल्डने ऑक्सफर्डला व्याख्यानं दिली, ती १८६७ मध्ये पुस्तकरूपाने आली. केल्ट लोक भावनाप्रधान, हळवे, बायकी, वास्तवाशी जमवून न घेणारे, असा त्यांचा सूर. स्तुती केल्यासारखी करायची आणि कारभाराला हे लोक कामाचे नाहीत असं सुचवायचं. साहेबाने आपल्याबद्दल लिहिलेलं ज्यांनी वाचलंय त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल. पुढे अर्नेस्ट जोन्स आला. हा स्वतः वेल्सचा, जन्म १८७९, फ्रॉइडचा निकटचा सहकारी आणि नंतर चरित्रकार. त्याने १९२२ मध्ये आयर्लंडच्या बेटपणावर लेख लिहिला. त्यात सगळ्या देशाचं मन मातृप्रतिमेवरून उलगडायचा प्रयत्न आहे. वाचायला मजा येते, पण हे सुतावरून स्वर्ग गाठणं आहे.

आणि ‘आयरिश लोकांवर मनोविश्लेषणाची मात्रा चालत नाही असं फ्रॉइड म्हणाला होता’ हे वाक्य तुम्हाला दर चार पानांमागे भेटेल. त्याच्या लेखनात ते कुठेही नाही. निबंधात वापरू नका.

आपण लोकांचं विश्लेषण करत नाही, एका वेळी एक गोष्ट वाचतो. बस.

## २. नावं तोंडात बसवा

हे फालतू वाटेल, पण नाव उच्चारता आलं नाही की डोळा ते ओलांडून जातो आणि तिसऱ्या पानावर कोण कोणाचा मामा याचा पत्ता राहत नाही.

वेल्शमध्ये मराठी माणसाची थोडी सोय आहे. त्यांचा जोड ‘एल’ जवळपास आपल्या ‘कोल्हा’तल्या ल्ह सारखा काढला तर काम भागतं (खरा आवाज जास्त फुसफुसता आहे). ‘आर-एच’ लिहिलेलं दिसलं की ‘तऱ्हा’तला ऱ्ह आठवा. म्हणून ल्हेय, ऱ्हियानन, आरियानऱ्होद. एकटा ‘एफ’ म्हणजे व. आयरिश लेखन जास्त फसवं: लिहिलेल्या अक्षरांपैकी निम्मी शेजारच्याचा उच्चार बदलायलाच बसलेली असतात. तिथे रेकॉर्डिंग ऐकून नाव देवनागरीत वहीत लिहून ठेवणं बरं. कू खुलिन, एमर, ईफा, मेव.

## ३. मधे किती हात लागलेत ते मोजा

ही पायरी मला कोणी सांगितली नव्हती आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची हीच आहे.

मनोविश्लेषण काय शोधतं? जे बोललं जात नाही ते. पण गोष्टीत काही बोललेलं नसेल तर मूग गिळणारा कोण, हे आधी विचारायला हवं. पात्र? कथा रचणारा? ती उतरवून घेणारा मठातला भिक्षू? की एकोणिसाव्या शतकातल्या अनुवादक बाई?

लेडी शार्लट गेस्ट यांनी १८३८ ते १८४९ या काळात ‘माबिनोगी’ इंग्रजीत आणली. चौथ्या शाखेतला बलात्काराचा आणि जनावरं होऊन पिल्लं घालण्याचा भाग त्यांनी सौम्य करून टाकला. लेडी ग्रेगरी यांनी १९०२ मध्ये कू खुलिन या आयरिश वीराच्या कथा सांगितल्या आणि अर्पणपत्रिकेतच कबूल केलं की तुम्हाला रुचणार नाही असं वाटलं ते मी बरंच गाळलंय. आता हे अनुवाद वाचून तुम्ही लिहिलंत की ‘या कथेत लैंगिकतेचं दमन दिसतं’, तर दमन दिसतं खरं, पण ते व्हिक्टोरियन दिवाणखान्यातलं! मी ही चूक केली आहे. दोन पानं त्यावर खर्च केली होती.

त्याच्या मागचा हात भिक्षूंचा. या कथा मठांच्या लेखनपरंपरेतून आपल्यापर्यंत आल्या. बाराव्या शतकातलं ‘लेन्स्टरचं पुस्तक’ हे हस्तलिखित डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. त्यात कूलीच्या गुरांच्या लुटीची प्रचंड कथा आहे, ‘टान’ म्हणून ती ओळखली जाते. कथा संपल्यावर आयरिशमध्ये आशीर्वाद येतो: जो कोणी ही कथा जशीच्या तशी लक्षात ठेवील, तिला दुसरं रूप देणार नाही, त्याचं कल्याण असो. लगेच त्याखाली भाषा बदलते. लॅटिनमध्ये लिहिलंय की ही कथा, छे, ही दंतकथा लिहिणारा मी यातल्या कित्येक गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. काही सैतानाच्या करणी आहेत, काही कवींच्या कल्पना, काही शक्य, काही अशक्य, तर काही मूर्खांच्या करमणुकीपुरत्या.

घरच्या भाषेत कथा जपायचा आशीर्वाद आणि चर्चच्या भाषेत हात झटकणं, दोन्ही एकाच पानावर. फ्रॉइडचा १९२५ चा ‘नकार’वरचा निबंध इथे उघडा. त्याचं म्हणणं असं की दडपलेली गोष्ट जाणिवेत यायची एक वाट म्हणजे ‘नाही’ म्हणणं. ‘स्वप्नातली ती बाई माझी आई नव्हती’ असं रुग्ण न विचारता सांगतो, तेव्हा आई कुठून आली? आमचा भिक्षू एवढी गुरं, एवढी रक्तं, एवढी मेव राणी शेकडो ओळी उतरवून काढतो आणि शेवटी म्हणतो, मला यात काही रस नाही बरं का.

## ४. पहिली गोष्ट लहानच निवडा

‘टान’ने सुरुवात करू नका, दमून जाल. ‘एंगसचं स्वप्न’ घ्या. गँट्झच्या पुस्तकात ती जेमतेम पाचसहा पानांची आहे.

एंगस झोपलेला असताना त्याला एक मुलगी दिसते. हात धरायला जातो तर ती गायब. तो अन्न सोडतो, खंगतो. कोणाला काही सांगत नाही. वैद्य येतात, निदान होत नाही. मग फिंगेन नावाचा वैद्य येतो. नुसता चेहरा पाहून दुखणं ओळखण्यात त्याची ख्याती. तो सांगतो: तू दूरच्या कोणाच्या तरी प्रेमात पडला आहेस आणि ते बोलायची तुझी छाती झालेली नाही. एंगस म्हणतो, खरंय. पुढे त्या मुलीचा शोध, तिचं आलटून पालटून एक वर्ष हंस होणं, तळ्यावरचे दीडशे हंस, ते सगळं आहेच.

ही पहिली का? कारण न बोललेल्या इच्छेने शरीर आजारी पडतं हे इथे कथाच सांगते, तुम्हाला वरून चिकटवावं लागत नाही. फ्रॉइडच्या व्हिएन्नाच्या आधी कित्येक शतकं.

## ५. तीन वेळा वाचा, आणि वहीतली रेघ वापरा

पहिलं वाचन गोष्टीसाठी. पेन खाली.

दुसऱ्या वाचनात डाव्या बाजूला फक्त तीन प्रकारच्या नोंदी करा. काय पुन्हापुन्हा येतं? कशाला मनाई आहे? आणि कुठे भावना यायला हवी होती पण कथा मुकाट पुढे जाते? जुन्या आयरिश आणि वेल्श गद्यात कोणाला आतून काय वाटलं हे क्वचितच सांगतात. राग-दुःख वस्तूंत, जनावरांत, हवामानात सापडतं.

मनाईसाठी आयरिशमध्ये ‘गेश’ हा शब्द आहे: अमक्याने तमकं करायचं नाही, केलं तर नाश. कू खुलिनने कुत्र्याचं मांस खायचं नाही, कारण त्याच्या नावाचा अर्थच ‘कुलनचा कुत्रा’. दोन गेश एकमेकांना कात्री लावतात तिथे कथेचं मर्म असतं, हे धरून चाला.

तिसऱ्या वाचनात उजव्या बाजूला सिद्धांत लिहायचा. डावी बाजू रिकामी असेल तिथे उजवीकडे काही लिहायचं नाही, हा नियम. कडक वाटेल, पण या एका नियमाने माझे एकोणीसचे दोन ईडिपस झाले.

आता ज्या कथेवर मी आपटले तीच घेऊन दाखवते: ‘ईफाच्या एकुलत्या मुलाचा मृत्यू’.

कू खुलिन परदेशी शस्त्रविद्या शिकायला जातो, तिथे ईफा या योद्ध्या स्त्रीशी त्याचा संबंध येतो. ती गरोदर असताना तो परततो. जाताना एक अंगठी देतो: मुलाच्या बोटात ही बसेल तेव्हा त्याला माझ्याकडे पाठव. सोबत तीन गेश. कोणासाठी वाट सोडायची नाही, लढाई नाकारायची नाही, आणि आपलं नाव कोणाला सांगायचं नाही.

मुलगा सात वर्षांचा असताना काशाच्या नावेतून येतो. अल्स्टरचे, म्हणजे कू खुलिनच्या राज्यातले लोक किनाऱ्यावर जमलेत. नाव विचारतात, तो सांगत नाही. एका वीराला तो बांधून टाकतो. मग कू खुलिन निघतो. त्याची बायको एमर गळ्यात हात टाकून अडवते: जाऊ नकोस, तो तुझा मुलगा आहे. कू खुलिन म्हणतो, तो असला तरी अल्स्टरच्या अब्रूसाठी मी त्याला मारीन. पाण्यात झुंज होते. मुलगा बापाला दोनदा बुडवतो. शेवटी बाप ‘गे बुल्ग’ हे शस्त्र काढतो. ते गुरूने, स्काहाखने, फक्त त्यालाच शिकवलेलं. मुलगा म्हणतो, हे तिने मला शिकवलं नव्हतं. बाप त्याला उचलून अल्स्टरच्या लोकांपुढे आणून ठेवतो: हा घ्या माझा मुलगा.

माझ्या डाव्या बाजूच्या नोंदी अशा होत्या. अंगठी ओळख पटवण्यासाठी दिली, पण ओळख देण्याला मनाई केली; दोन्ही एकाच माणसाने. मुलगा नाव सांगत नाही आणि बाप अंगठी पाहत नाही. एमर स्पष्ट सांगते. आणि शेवटची: तीन दिवस अल्स्टरच्या लोकांनी वासरं गाईंना सोडली नाहीत.

आता उजवी बाजू. ईडिपसला माहीत नव्हतं, ही त्याची शोकांतिका. कू खुलिनला लढाईआधी सांगितलंय. तो ‘नाही, तो माझा मुलगा नाही’ असं म्हणतच नाही. ‘असला तरी’ म्हणतो. त्यामुळे इथे दमन हा शब्द लागू पडत नाही. दमनात माहिती खाली ढकलली जाते. इथे ती डोळ्यांसमोर आहे आणि तिचा परिणाम होऊ द्यायचा नाही एवढंच चाललंय. फ्रॉइडने ही वेगळी क्रिया १९२७ च्या लेखात नीट मांडली. मराठीत तिला मी ‘नाकबुली’ म्हणते. सही माझी आहे, पण कर्ज माझं नाही, अशातला प्रकार.

मग वासरं. बाप रडला असं कथा एका शब्दानेही सांगत नाही. त्याच्या जागी गोठ्यागोठ्यात वासरं हंबरतात. हे विस्थापन: भावना जिथली तिथे नाही, शेजारच्या वस्तूवर सरकली. अर्थात हा सुतक पाळायचा रिवाजही असू शकतो, आणि तसं लिहायला लाजू नका. रिवाज असला तरी कथेने दुःख सांगायला नेमका तोच निवडला, हे उरतंच.

## ६. एका कथेला एकच किल्ली

माबिनोगीच्या दुसऱ्या शाखेचा शेवट वाचा. आयर्लंडमधल्या संहारातून सात जण वाचतात. राजा ब्रान सांगतो, माझं शीर कापून लंडनला न्या. वाटेत हार्लेखला सात वर्षं ऱ्हियाननचे पक्षी गातात, आणि मग ग्वालेस बेटावर ऐंशी वर्षं. (हे बेट म्हणजे पेम्ब्रोकशरजवळचं ग्रासहोम असं मानतात, आज तिथे गॅनेट पक्ष्यांची प्रचंड वसाहत आहे.) दालनाला तीन दारं, दोन उघडी, कॉर्नवॉलकडचं बंद. ते उघडायचं नाही. आत कोणाला दुःख आठवत नाही, कोणी म्हातारं दिसत नाही, आणि कापलेलं शीर जिवंतपणी होतं तितकीच छान सोबत करतं. एक दिवस त्या सातांतला हेलिन म्हणतो, हे दार उघडून खरंखोटं पाहिलं नाही तर माझ्या दाढीला लाज. उघडतो. गमावलेला प्रत्येक माणूस, प्रत्येक आप्त, जणू त्याच क्षणी गेल्यासारखा समोर येतो.

इथे किल्ली एकच: शोकावरचा १९१७ चा निबंध. फ्रॉइड म्हणतो, शोक हे काम आहे, एकेक आठवण घेऊन ते हळूहळू उरकावं लागतं. ग्वालेसमध्ये ते ऐंशी वर्षं उरकलंच नाही, फक्त थांबलं. दार उघडल्यावर मात्र शीर लंडनला पोचतं आणि पुरलं जातं. यात शीर म्हणजे खच्चीकरण, दार म्हणजे योनी, बेट म्हणजे गर्भाशय असं सगळं कोंबायचा मोह होईल. मला झाला होता. आवरा.

चौथ्या शाखेसाठी मात्र दुसरी किल्ली लागते. आरियानऱ्होद मुलाला तीन गोष्टी नाकारते: नाव, शस्त्र आणि माणसाच्या जातीतली बायको. फ्रेंच मनोविश्लेषक लाकाँने नाव आणि कायदा बापाकडे ठेवले, इथे ते आईच्या मुठीत आहेत आणि बाप कोण ते कथा सांगतच नाही. मामा ग्विद्यॉन चांभार बनून किनाऱ्यावर येतो, मुद्दाम आधी ढगळ आणि मग घट्ट जोडे पाठवतो, म्हणजे माप द्यायला ती स्वतः नावेवर येईल आणि नकळत मुलाला नाव देऊन बसेल. तिच्या तोंडून निघालेला उद्गार म्हणजेच ल्हेय हे नाव. जिभेच्या घसरण्यावर फ्रॉइडने पुस्तक लिहिलं, ग्विद्यॉनने घसरवायची सोय केली.

## ७. हमखास घसरायच्या जागा

पात्रांना रोगी बनवणं. कू खुलिनला अमुक विकार होता असं लिहू नका. रुग्ण आपल्याला उत्तर देऊ शकतो, पात्र देऊ शकत नाही.

आपल्याकडच्या कथांशी झटपट जुळवणी. पेटीतलं मूल दिसलं की कर्ण आठवतोच. फ्रॉइडचा शिष्य ओटो रँकने १९०९ मध्ये वीरांच्या जन्मकथांची यादी केली, तिच्यात कर्ण आहे आणि ट्रिस्टनही आहे, म्हणजे साम्य आपण काढलेलं नाही. पण कर्णाची पेटी नदीत सोडतात. ल्हेय ज्या पेटीत वाढतो ती मामाच्या पलंगाच्या पायथ्याशी असते. साम्य एका वाक्यात संपवा आणि फरकावर पान लिहा.

युंगचा आदिबंध (सगळ्या माणसांच्या मनात असतात असं तो मानतो ते मूळ साचे) सगळीकडे. प्रत्येक म्हातारी महामाता आणि प्रत्येक तळं अबोध मन झालं की कथा वाचायची गरजच उरत नाही. युंग वापरू नका असं नाही, उशिरा वापरा.

## ८. लिहिण्याआधी एकदा तोंडी सांगा

ज्याने फ्रॉइडचं नावही धड ऐकलेलं नाही अशा माणसाला गोष्ट सांगायची, फक्त गोष्ट. तो कुठे थांबवतो ते वहीत डावीकडे लिहायचं.

ईफाच्या मुलाची कथा मी आईला सांगितली. तिचं बालपण गोठ्यात गेलेलं. झुंजीचं तिने ऐकून घेतलं. वासरांशी आल्यावर म्हणाली, “तीन दिवस? अगं, गाईंचे सड तटतटले असतील. वासरांपेक्षा गाई ओरडल्या असतील.”

मी इतकी वर्षं वासरांकडेच पाहत होते.

मग तिने विचारलं, “आणि त्याच्या आईला कळवलं का कोणी?”

मी पुस्तक उघडून पुन्हा पाहिलं. ईफाचं नाव शीर्षकात आहे. तिला निरोप गेल्याचं कथेत एक अक्षर नाही.